ओतिलियाचा अडकलेला सूर

रिओ कायादोच्या रेडिओवर ओतिलिया मान्सिया कुणाचं मरण सहसा सांगत नसे. इतकी वर्षं ती नगरपालिकेच्या दोन खोल्यांच्या केंद्रात बसून निरोप वाचत आली होती. गाव म्हणजे एक चौक, एक चर्च आणि चार गल्ल्या. पण नगरपालिकेची हद्द पार बर्फाच्या डोंगरापर्यंत, आणि त्या हद्दीतली घरं इतकी विखुरलेली की शेजाऱ्याकडे जायचं तरी घोड्याला खोगीर घालावं लागे. टेलिफोनची तार गावाबाहेर गेलेली नव्हती. त्यामुळे निरोपांच्या वेळी जो तो ट्रान्झिस्टरला कान लावून बसायचा.

"तोर्दोच्या खोऱ्यातल्या बेलार्मिनोला निरोप. गुरुवारी दोन घोडे घेऊन उतारावर थांब, सासूबाई येताहेत." "एर्मिन्दाला निरोप. दात काढला, बरा आहे, मेंढ्या विकू नकोस." निरोप एकाचा, ऐकणारे सगळे. सासूबाई येणार म्हटल्यावर आठवडाभर जो भेटेल तो बेलार्मिनोच्या पाठीवर हात ठेवून सुस्कारा टाकायचा. प्रत्येक निरोपामागून एक गाणं लागे, ज्याचा निरोप त्याच्या आवडीचं.

मरणाचं मात्र वेगळं होतं. अगदी सुरुवातीला तिने दवाखान्यातून आलेला निरोप जसाच्या तसा वाचला होता, की तुमचा नवरा वारला. ती बाई तेव्हा घरात एकटी, पदरात तीन लहान मुलं. शेजारी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा चूल विझलेली, मुलं भुकेने रडून झोपलेली आणि बाई तशीच बाकावर. पुढे ती बाई गावात आली आणि ओतिलियाला एवढंच म्हणाली, "तू सांगितलंस, तेव्हा माझ्याजवळ कुणी नव्हतं गं."

त्यानंतर ओतिलियाने तसा निरोप वाचला नाही. "तब्येत फार बिघडली आहे, लगेच या," असं ती सपाट आवाजात म्हणायची आणि गाणं लावायची नाही. एक श्वासभर शांतता, मग पुढचा निरोप. असं करायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, पण खोऱ्याखोऱ्यांतून सगळ्यांना ते कळत गेलं. आणि त्यातून एक रीत पडली. ज्याला असं बोलावणं येईल त्याने चुलीजवळ बसून राहायचं, स्वतःच्या घोड्याला हात लावायचा नाही. ऐकणारे शेजारी आपणहून यायचे. कुणी किटली चढवायचं, कुणी अंगणातली भट्टी पेटवून पाव भाजायला घ्यायचं, कुणी घोडे तयार करायचं. मग दुसऱ्या दिवशी उजाडताना सगळे मिळून त्याला मधे घेऊन गावात उतरायचे. दुःखातल्या माणसाने एकट्याने नदीत घोडा घालता कामा नये.

रीत चांगली होती. ओतिलियाला तिचा मनातून अभिमानही होता. नेल्दा बाळंत झाली त्या दिवसापर्यंत.

नेल्दा तिची धाकटी. पहाटे मुलगी झाली, धडधाकट, केसांनी भरलेली. पण नेल्दाचं रक्त थांबेना. दवाखान्याचा डॉक्टर राजधानीतून नुकताच आलेला, पोरसवदा. त्याने ओतिलियाला बाहेरच्या खोलीत बोलावलं तेव्हा त्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या आणि तो तिच्याकडे न बघता बोलत होता.

"होत्या तेवढ्या बाटल्या दिल्या. आता इथे तिच्या गटाचं रक्त नाही."

"माझं घ्या."

"तपासलं ना सकाळी. तुमचं चालत नाही. फार थोड्यांचा असतो हा गट. तिच्या भावाचा तोच आहे म्हणे, लष्करात असताना तपासला होता."

"मग शहरातून मागवा."

"रस्त्यावर दरड आहे. आणि या वाऱ्यात विमान उतरायला तयार नाही." आता त्याने वर बघितलं, आणि गावातले लोक लावतात ती आदराची 'दोन्या' लावून म्हणाला, "दोन्या ओतिलिया, संध्याकाळपर्यंत मी तिला धरून ठेवतो. त्यापुढे कठीण आहे."

थोरला सेल्सो तोर्दो नदीच्या पलीकडे राहत होता, मेंढ्यांपाशी. नदीच्या अलीकडे शाळा, शाळेपर्यंत गाडीरस्ता. नदी ओलांडून तो शाळेपाशी आला की अॅम्ब्युलन्सने गाव लांब नव्हतं. पण मधे नदी होती. सकाळी तिच्यातून मेंढरूही जातं. ऊन चढलं की वर बर्फ वितळतं आणि दुपारनंतर तिच्यात घोडा पाय घालत नाही. त्यात त्या दिवशी उत्तरेचा गरम वारा सुटला होता. ओतिलियाने दवाखान्याच्या दारातून डोंगराकडे बघितलं तर सुळक्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा आताच उतरायला लागल्या होत्या.

अॅम्ब्युलन्स शाळेकडे पाठवून ती जवळजवळ पळतच केंद्रात आली. यंत्रं सांभाळणारा बासिलिओ तिचा चेहरा बघून उठून उभा राहिला.

"मी वाचू का?"

"तुझा आवाज ऐकून त्याला वाटेल, पाऊसपाण्याचा अंदाज सांगतोयस. सरक."

तिने मायक्रोफोन ओढला. आवाज कापला तर पोरगा घाबरेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. म्हणून तिने तो घट्ट धरला, सपाट केला. "तोर्दोच्या खोऱ्यातल्या सेल्सो कार्कामोला निरोप. तुझ्या बहिणीची, नेल्दाची, तब्येत फार बिघडली आहे. लगेच गावात ये." आणि ती थांबली. हात मांडीवर गेला. बासिलिओही तसाच उभा, रेकॉर्डला हात न लावता. एक श्वासभर शांतता गेली. मग तिने पुढचा निरोप वाचला, कुणाच्या तरी हरवलेल्या बैलाचा.

दोघांपैकी कुणालाच काही कळलं नाही. इतक्या वर्षांची सवय, हातांनी आपलं काम केलं.

पुढचे निरोप आणि त्यांची गाणी संपायला बराच वेळ गेला, आणि मग कोपऱ्यातला वायरलेस खरखरला. शाळेतला आबेल मास्तर होता. नदीकाठच्या त्या शाळेत तो एकटाच राहायचा, आणि त्याच्याकडे घोडा नव्हता.

"दोन्या ओतिलिया... काय बोलू? पोरांना घरी सोडलं मी. नेल्दा माझ्याच वर्गात होती. देव तिला—"

"काय बोलतोयस तू, मास्तर?"

"सेल्सोची काळजी करू नका," मास्तर हळूच म्हणाला. "लोक पोचलेत त्याच्याकडे. दुर्बिणीतून दिसतंय मला. कुंपणाला घोडे बांधलेत. भट्टीचा धूर निघतोय. उद्या सकाळी सगळे घेऊन येतील त्याला, व्यवस्थित."

ओतिलियाने बासिलिओकडे बघितलं. बासिलिओने रेकॉर्डच्या तबकडीकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अरे, जिवंत आहे ती!" ओतिलिया ओरडली. "मास्तर, नेल्दा जिवंत आहे. रक्त हवंय तिला, सेल्सोचं. आज. आत्ता!"

"हो, हो," मास्तर म्हणाला. लहान मुलाला समजावताना म्हणतात तसं. "शांत व्हा. जवळ कोण आहे तुमच्या? बासिलिओ आहे का?"

तिने वायरलेस त्याच्याकडे फेकलाच आणि मायक्रोफोनवर झेपावली. आवाज आता कुठे सपाट राहतो? "सेल्सो! मी आई बोलतेय. नेल्दा जिवंत आहे, ऐकतोयस का? शप्पथ घेऊन सांगते, जिवंत आहे. शेजाऱ्यांची वाट बघू नकोस. नदी चढायच्या आत नीघ!" तिने पुन्हा सांगितलं, मग पुन्हा.

"कोण हललं का?" बासिलिओने वायरलेसवर विचारलं.

"हललं कोण?" मास्तरचा आवाज ओला झाला होता. "सगळे डोक्यावरच्या टोप्या काढून उभे आहेत. तिचा रडवेला आवाज ऐकून कुणाच्या काळजाचं पाणी होणार नाही, बासिलिओ? आणि जिवंत आहे, हे तर ती तशा वेळी म्हणालीच आहे मागे."

म्हणाली होती. एकदा एकीचा नवरा बुडाला, तेव्हा तिने पुरात उडी घालू नये म्हणून ओतिलियाने हवेवरच सांगितलं होतं, जिवंत आहे, सावकाश ये. सगळ्या खोऱ्याला ते ठाऊक होतं. चांगुलपणाने केलं होतं, म्हणून कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"निकानोर म्हातारा आलाय," मास्तर सांगत होता. "घोड्यावर फळ्या आहेत."

फळ्या म्हणजे कसल्या, ते ओतिलियाला विचारावं लागलं नाही. निकानोर आपल्या माळ्यावर शवपेटीसाठी सुकी फळी जपून ठेवतो आणि बोलावणं आलं की न सांगता घेऊन येतो. तिच्या नेल्दाच्या मापाच्या फळ्या आता त्या अंगणात उतरत होत्या. आणि तिचा मुलगा चुलीजवळ बसला होता, कुणीतरी आपला घोडा तयार करील याची वाट बघत.

तिने खोलीभर नजर फिरवली. काय करू, काय करू. नेल्दाला बोलायला लावावं, तर ती शुद्धीवर कुठे होती? डॉक्टरला आणावं, तर त्याला इथलं कोण ओळखतं? खिळ्याला तिचं अकॉर्डियन लटकत होतं. रविवारच्या कार्यक्रमात ती वाजवायची, म्हणून ते तिथेच असायचं.

तिने ते खाली काढलं.

"बाई गं," बासिलिओ म्हणाला, "नको."

आमच्याकडे दुखवट्याच्या घरात वाद्य उघडत नाहीत. वर्षभर गिटारच्या खोळीला गाठ असते. नवरा गेला तेव्हा ओतिलियाने हेच अकॉर्डियन पेटीत बंद करून किल्ली चर्चमध्ये दिली होती, सगळ्या गावाने बघितलं होतं. मुलगी जाऊन पडलेली असताना कुठली आई भात्याला हात लावील? पण अंथरुणावर कुणी शेवटच्या घटका मोजत असेल तेव्हाही उघडू नये, असं तिची आई सांगायची. मरणाला वाटतं, आपल्याला नाचायला बोलावलं. ओतिलिया शिकलेली होती, असल्या गोष्टींवर ती हसायची. आज तिला हसू आलं नाही. आपण नाचाची गत वाजवत असू आणि त्याच घटकेला तिकडे नेल्दाचा श्वास थांबला तर? सगळी नगरपालिका ऐकत असेल.

"मायक्रोफोन खाली कर," ती म्हणाली.

तिने सेल्सोच्या लग्नात वाजवलेली गत धरली, उडती, टाचा आपटायला लावणारी. त्या अकॉर्डियनचं एक बटण जन्मापासून अडकायचं. गतीत त्या ठिकाणी सूर पडायचा नाही, खड्डा पडायचा, आणि लहानपणी सेल्सो त्या खड्ड्यात पाय आपटून "हुप्प!" म्हणून ओरडायचा. रेकॉर्ड चुकून लागली असं कुणी म्हणू शकलं असतं. तो खड्डा मात्र दुसऱ्या कुणाच्या वाजवण्यात नव्हता.

पहिलं कडवं झालं. बोटं घामाने घसरत होती. दार धाडकन उघडून शेजारची एर्मोसिना आत आली, हाताला पीठ तसंच.

"अगं ए! डोकं फिरलं का तुझं? पोरगी तिकडे मरणाच्या दारात आणि तू नाच वाजवतेस? चौकात लोक उभे राहिलेत!"

ओतिलियाने मान वर केली नाही. बासिलिओने एर्मोसिनाला खांद्याला धरून बाहेर काढलं. "काकू, जा. दवाखान्यात जा, नेल्दापाशी बसा. आणि इथे वाईट बातमी घेऊन येऊ नका. आज तरी नको."

दार लागलं. दुसरं कडवं. वायरलेस आणि भाता. तिला वाटलं, आपल्याला आता एवढंच उरलंय. बासिलिओ वायरलेस तिच्या कानाशी धरून उभा होता.

"थांबा," आबेल मास्तर म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "हे कोण वाजवतंय? तुम्ही?"

तिने उत्तर म्हणून तो खड्डा आणला आणि पाय आपटला.

"लोक एकमेकांकडे बघताहेत... निकानोर हातातली फळी घेऊन तसाच उभा आहे... कुणीतरी बाहेर आलं. सेल्सो आहे. डोक्यावर टोपी घातली त्याने." मग मास्तर ओरडलाच. "पळतोय तो! काळ्या घोड्याला धरलं. बाकीचे वाटेतून बाजूला झाले. अहो, तो स्वतः खोगीर घालतोय!"

बासिलिओच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ओतिलिया वाजवतच राहिली. थांबले तर तो पुन्हा बसेल, असं तिला वाटत होतं.

पण आनंद करायलाही वेळ नव्हता. मास्तर आता नदीकडे बघत होता.

"दोन्या ओतिलिया, पाणी चढलंय. मातकट आलंय, फांद्या वाहताहेत. तो काठावर येईपर्यंत आणखी चढेल. मी बाहेर जाऊन दोन्ही हात हलवले तर तो थांबेल. थांबवू का?"

भाता उघडाच राहिला. हवेवर एकच लांब सूर.

एक पोर बिछान्यावर आणि दुसरं नदीवर. मास्तरने हात हलवले तर सेल्सो वाचला, आणि नेल्दाचं काय ते संध्याकाळी कळलंच असतं. नाही हलवले तर दोघंही जाऊ शकत होती, एकाच दिवसात, आणि सेल्सोला नदीत तिनेच बोलावलं होतं, नाचाची गत वाजवून.

"उतारापाशी उभा दगड आहे," ती म्हणाली. "दिसतोय?"

तोर्दोकाठची माणसं त्या दगडाकडे बघूनच पाण्यात उतरतात. माथा वर असेल तर घोडा जातो. माथा बुडाला की घरी परत.

"माथा दिसतोय," मास्तर म्हणाला. "तळहाताएवढा. लाट आली की जातो."

"जातो आणि परत दिसतो?"

"दिसतो."

"मग येऊ दे त्याला."

आणि तिने पुन्हा गत सुरू केली, कारण सेल्सोच्या खिशात छोटा ट्रान्झिस्टर असतो हे तिला माहीत होतं. पाण्याच्या आवाजात तो ऐकू येणार नाही, हेही माहीत होतं.

मास्तर सांगत गेला. घोडा काठावर अडला. सेल्सो खाली उतरला, त्याच्या मानेवर थोपटलं, पुन्हा चढला. उतरले पाण्यात. गुडघा. पोट. आता घोड्याची छाती. मग मास्तर गप्प झाला.

"मास्तर?"

"घोडा पोहतोय. खाली वाहत चाललेत दोघं, वाळुंजांच्या झाडांच्या दिशेने." मग, "सेल्सो घोड्यावर नाही."

बासिलिओने वायरलेस तिच्या कानापासून दूर करायचा प्रयत्न केला. तिने मानेनेच त्याचा हात अडवला. बोटं बटणांवर होती, पण कोणती बटणं ती दाबत होती हे तिला सांगता आलं नसतं. खोऱ्यातल्या लोकांना पुढे आठवत होतं, की मधेच ती गत अशी काही वेडीवाकडी झाली होती की घरात बसलेल्यांना उभं राहावंसं वाटलं.

"शेपूट धरलंय!" मास्तर किंचाळला. "घोड्याचं शेपूट धरलंय त्याने! घोडा टेकला... घोडा बाहेर आला. ओढतोय त्याला. आला! खोगीर गेलं, टोपी गेली, पण आला. अॅम्ब्युलन्सवाले पळताहेत त्याच्याकडे."

ओतिलियाने भाता मिटला, पट्टा लावला, अकॉर्डियन खिळ्याला अडकवलं. मग ती तिथेच जमिनीवर बसली. बासिलिओने येर्बाच्या कढत काढ्याचा तुंबा भरून पुढे केला तर नळी तोंडात धरता येईना, दात इतके वाजत होते.

सेल्सो दवाखान्यात आला तेव्हा कपड्यांतून अजून पाणी गळत होतं. डॉक्टरने त्याला तसाच आडवा केला. ओतिलिया दोन खाटांच्या मधे बसली, एकीकडे त्याचा गार हात, दुसरीकडे नेल्दाचा त्याहून गार. नळीतून लाल रेघ सरकत होती. आतल्या खोलीत बाळ भुकेने ओरडत होतं आणि ते ओरडणं तिला बरं वाटत होतं.

"आई," सेल्सो छताकडे बघत म्हणाला.

"काय रे?"

"बटण दुरुस्त करून घे. एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल."

"गप पड. खोगीर कुणी सोडायला सांगितलं होतं तुला? तुझ्या बापाचं होतं ते."

दिवेलागणीला नेल्दाच्या ओठांवर थोडा रंग आला. डॉक्टर पुन्हा पुन्हा येऊन नाडी बघत होता, आणि एकदा नाडी बघून झाल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने डोळे मिटले. नेल्दाने डोळे उघडले ते त्यानंतर. आधी तिने बाळाचं विचारलं. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "ते दुपारभर कोण वाजवत होतं? स्वयंपाकघरातला रेडिओ नुसता बोंबलत होता. झोपू दिलं नाही मला."

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर तोर्दोचं खोरं गावात आलं, ठरल्याप्रमाणे. भाजलेला पाव आणला होता, तो दवाखान्याच्या ओट्यावर बसून सगळ्यांनी खाल्ला. निकानोर म्हातारा घोड्यावरच्या फळ्यांकडे बघत उभा होता.

"रंधा मारून झालाय," तो कुरकुरला. "आता या परत नेऊ कुठे? परत नेल्या तर बायको म्हणेल, हे माझ्यासाठी आहे का."

त्यातली एक फळी केंद्रात मायक्रोफोनच्या हाताशी भिंतीला ठोकली आहे. अकॉर्डियन आता तिच्यावर असतं. बटण ओतिलियाने दुरुस्त केलेलं नाही. मरणाचे निरोप ती अजूनही तसेच वाचते, सपाट आवाजात, शेवटी शांतता ठेवून. पण कुणी खरोखरच आजारी असेल आणि घाई असेल, तर निरोप संपताच ती अकॉर्डियन फळीवरून खाली घेते. सूर आला तर स्वतःच निघायचं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढ्यात खोऱ्यातलं माणूस चुलीजवळून अर्धवट उठून खोगिराकडे बघत असतं, आणि पहिला सूर येईपर्यंत कुणी श्वास घेत नाही, ओतिलियाही नाही.